प्रश्नोत्तरे : मेनफ्रेम मिळालं, आता काय?

प्रश्न : कॅम्पसमधून नोकरी लागली, ट्रेनिंग ऐरोलीला चालू आहे. बॅचमधल्या बहुतेकांना जावा आणि लिनक्स मिळालं, आम्हा मोजक्या जणांना मेनफ्रेम. मित्र म्हणतात, ‘तू म्युझियममध्ये लागलास.’ मेनफ्रेम आणि ओपन सिस्टिम यांत नेमका फरक काय? एचआरला सांगून बदलून घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इतक्यात एचआरकडे जाऊ नकोस. मेनफ्रेम म्हणजे ते मोठं मशीन आणि ओपन म्हणजे युनिक्स, लिनक्स, विंडोज, एवढं तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल. ते खरं आहे, पण त्यानं काही कळत नाही. मी सीप्झमध्ये कोबॉल या मेनफ्रेमवरच्या जुन्या भाषेवर सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षं या दोन्हींमध्ये ये-जा करणाऱ्या फायलींचं काम केलं. माझ्या मते खरा फरक डेटा ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

युनिक्सच्या लेखी फाइल म्हणजे बाइट्सची सलग रांग. ओळ कुठे संपते, आकडा कुठे सुरू होतो, ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं बघावं. झेड/ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, डेटासेट (तिथली फाइल) बनवतानाच रेकॉर्ड किती लांबीचा, डिस्कवर जागा किती, हे जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते मशीनला सांगणाऱ्या भाषेत, लिहून द्यावं लागतं. लग्नाचा हॉल ठरवताना पानं किती ते आधीच सांगतो ना, तसं. पाहुणे वाढले की जॉब ‘बी३७’ (जागा संपली) म्हणत पडतो, आणि फोन रात्री दोनला येतो.

मग अक्षरं. प्रत्येक अक्षराला आकडी संकेत देण्याच्या पद्धती दोन : मेनफ्रेमवर एबसिडिक, बाकीकडे आस्की. एका क्लायंटकडे ग्राहक क्रमांकांची फाइल मेनफ्रेमवर सॉर्ट होऊन युनिक्सवर यायची. काही क्रमांक अक्षरानं सुरू होणारे, काही अंकानं. एबसिडिकमध्ये अंक सगळ्यात शेवटी येतात, आस्कीत अक्षरांच्या आधी. त्यामुळे आस्कीचा क्रम धरून चालणारा युनिक्सवरचा जुळवणीचा प्रोग्रॅम असलेल्या ग्राहकांनाही ‘सापडला नाही’ म्हणायचा. आपापल्या मशीनवर दोन्ही टीम बरोबर होत्या, म्हणूनच भांडण लांबलं.

त्याहून वाईट पॅक्ड डेसिमल, म्हणजे कॉम्प-३, एका बाइटमध्ये दोन अंक बसवणारी पद्धत. १२३४५ हा आकडा तीन बाइट्समध्ये बसतो : १२, ३४, ५सी. शेवटचा ‘सी’ म्हणजे अधिकचं चिन्ह. आता ही फाइल कुणी एफटीपीनं (फाइल पाठवायची सोय) टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे अक्षरांचे संकेत बदलत, पाठवली, तर ५सी ही एबसिडिकमधली फुली (*) समजून तिची आस्कीतली फुली केली जाते, २ए. पाचाचे दोन झाले! ट्रान्सफर मात्र यशस्वी. म्हणून अशी फील्ड्स आधी साध्या अंकांत उलगडून, चिन्ह वेगळं ठेवून पाठवायची, नाहीतर फाइल बायनरी मोडमध्ये, बाइट्स जशेच्या तसे ठेवून, न्यायची.

पैशांचा हिशेबही निराळा. ओपन सिस्टिमवर सॉफ्टवेअरचं लायसन्स बऱ्याचदा प्रोसेसरमधल्या कोअरच्या संख्येवर ठरतं. मेनफ्रेमवर अनेक ठिकाणी सीपीयूच्या वापराच्या चार तासांच्या सरत्या सरासरीचं महिन्यातलं शिखर बघून बिल येतं. म्हणून तुझे सीनियर सीपीयूच्या सेकंदांवरून किरकिर करतील. ती कंजुषी नव्हे.

राहिलं म्युझियम. आयबीएमनं सिस्टिम/३६० जाहीर केलं १९६४ साली, आणि त्या घराण्यासाठी सत्तरच्या दशकात लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या मशीनवरही चालू शकतात. युनिक्सचा जन्म १९६९चा, म्हणजे तेही काही कालचं पोर नाही. शिवाय मेनफ्रेमवर लिनक्स चालतं, जावा चालते, झेड/ओएसच्या पोटात तर युनिक्सच आहे. मित्र जे शिकतायत ते तुला तिथेही लागेल.

तेव्हा बदली मागण्याऐवजी टीम लीडना एवढंच विचार : आपल्या कोणत्या फाइली रात्री युनिक्सकडे जातात, त्यांची कॉपीबुकं (रेकॉर्डमधल्या फील्ड्सची मांडणी लिहिलेली) कुठे आहेत? त्यातलं एखादं घेऊन प्रत्येक फील्ड किती बाइट्सचं ते हातानं मोज, आणि तीच फाइल दोन्हीकडे हेक्समध्ये, म्हणजे ५सीसारखे बाइट्स दिसतील अशी, उघडून बघ. ऑफिसमध्येच बरं का. क्लायंटची कॉपीबुकं ठाण्याच्या लोकलमध्ये वाचायची नसतात.