मार्च एंडचा माल आणि २८० पानांचा अहवाल

प्रश्न : काका, आर्णी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. ज्या कंपनीची औषधं विकतो, तिचेच थोडे शेअर मागच्या दिवाळीत घेतले. आता मेलवर २८० पानांचा वार्षिक अहवाल आलाय, सगळा इंग्रजीत. पहिली पंचवीस पानं नुसते शेतांचे फोटो. नफा १८ टक्के वाढला म्हणतात. वाचायला सुरुवात कुठून करू?
— एक दुकानदार, जि. यवतमाळ

उत्तर : फोटो बघून घे. त्यातल्या पऱ्हाटीला कधी बोंडअळी लागत नाही. अध्यक्षांचं पत्र सवडीनं वाच, आणि आता सरळ मागच्या अर्ध्यात जा.

तुझ्या धंद्यातली एक गोष्ट शहरातल्या गुंतवणूकदाराला माहीत नसते, ती तुला पाठ आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा माणूस दुकानात येतो. "भाऊ, चाळीस पेट्या उतरवून घ्या, टार्गेट राहिलंय. पैसे कापसावर द्या, नाही खपलं तर परत करा." पेरणीला अजून दोन-अडीच महिने असतात, पेट्या तुझ्या गोदामात धूळ खातात. कंपनीच्या वहीत मात्र ३१ मार्चच्या आत विक्री लागली आणि नफाही धरला गेला. परत येईल असा माल विक्रीतून आधीच वजा करायचा नियम आहे, पण किती येईल हा अंदाज कंपनीचाच.

म्हणून पहिलं काम. पीडीएफच्या शोध-चौकटीत 'ट्रेड रिसीव्हेबल्स' हे शब्द इंग्रजीतून टाक. ही कंपनीची उधारीची वही. २०२१-२२ पासून तिथे वयवार तक्ता द्यावाच लागतो : देय तारीख उलटून सहा महिन्यांच्या आतली उधारी, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, आणि तीनच्या वरची. वादातली उधारी वेगळी दाखवतात. तुझ्या वहीत तीन वर्षं जुनं नाव दिसलं की तू ते वसुलीत धरतोस का? तोच डोळा इथे लाव. शेजारी मागच्या वर्षाचे आकडे असतातच. विक्री १० टक्के वाढली आणि उधारी ४० टक्के, तर माल कुठे पडून आहे हे तुला मी सांगायला नको.

मी एकतीस वर्षं हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात मुनीम होतो. एका दिवाळीला मालकानं विचारलं, "मुनीमजी, नफा अकरा लाख म्हणता, मंग हमालायले द्यायले पैसे काहून नाई?" हिशेब चोख होता. सरकी तेलवाल्याला विकली होती, त्याच्याकडे साडेनऊ लाख अडकले होते. तेलवाल्यानं घाणा बंद केला, आणि पुढच्या वर्षी ती रक्कम मी माझ्याच हातानं बुडीत खाती टाकली. आधीच्या वर्षाचा नफा कागदावर तसाच राहिला.

कंपनीच्या बाबतीत हे 'कॅश फ्लो स्टेटमेंट'मध्ये दिसतं. त्यातला पहिला भाग, धंद्यातून आलेली रोख, तेवढाच घे आणि निव्वळ नफ्याशेजारी मांड. एका वर्षावरून निकाल देऊ नकोस. हंगामापूर्वी माल भरला तर चांगल्या कंपनीचीही रोख आटते. पाच वर्षांची बेरीज कर. नफ्याची बेरीज ५०० कोटी आणि रोखेची १५० असेल, तर उरलेले ३५० उधारीत, साठ्यात की कुठे बसलेत, ते शोधल्याशिवाय पुढचा शेअर घेऊ नकोस.

आता ऑडिटरचा अहवाल. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. एका कंपनीच्या अहवालात 'क्वालिफाइड ओपिनियन' असं ठळक छापलं होतं. आपल्याकडे क्वालिफाइड म्हणजे शिकलेला, पदवीवाला! मला वाटलं, ऑडिटरनं शाबासकी दिलीय. अर्थ नेमका उलटा : बाकी ठीक, पण या-या मुद्द्यावर मला आक्षेप आहे. १४० ला घेतलेला तो शेअर मी ३८ ला विकला. क्वालिफाइडच्या पुढची पायरी 'अ‍ॅडव्हर्स', म्हणजे हिशेब खरं चित्र दाखवतच नाहीत. 'डिस्क्लेमर' म्हणजे पुरेसे पुरावेच मिळाले नाहीत, म्हणून मत देत नाही. 'की ऑडिट मॅटर्स' मात्र आरोप नव्हेत. ऑडिटरला जिथे जास्त डोकं लावावं लागलं, त्या त्या जागा. औषध-बियाण्यांच्या कंपनीत तिथे परत आलेला माल आणि डीलरांच्या सवलती असा विषय दिसला, तर शब्दन् शब्द वाच.

ऑडिटर स्वच्छ म्हणाला म्हणजे झालं, असंही नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की बँकेत दाखवलेल्या शिलकीतले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच. तिथे तर रोखच खोटी होती. त्यामुळे माझ्या युक्तीनं पकडता येईल तेवढंच पकडता येतं, आणि घरच्या पैशाचा मोठा हिस्सा एकाच शेअरात ठेवू नकोस.

मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीला वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नोटीस याच पीडीएफमध्ये असेल. आता बऱ्याच सभा व्हिडिओवर होतात, आधी नाव नोंदवलं की बोलता येतं. विचार की मार्चमध्ये डीलरांकडे गेलेल्या मालापैकी जूनअखेर किती परत आला. गोदामातल्या चाळीस पेट्यांचा फोटो काढून ठेव, म्हणजे उत्तर मिळेल तेव्हा ताडून बघता येईल.

प्रश्न : अहवालात दोन-दोन ताळेबंद का? स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड, कोणता खरा?
— एक शिक्षिका, जि. अमरावती

उत्तर : दोन्ही खरे. स्टँडअलोन म्हणजे एकट्या कंपनीचा हिशेब, कन्सॉलिडेटेड म्हणजे तिच्या उपकंपन्या धरून सगळ्या घराचा. बापानं लेकाला बैलजोडी विकली, तर बापाच्या वहीत विक्री लागते, पण घरातले बैल तेवढेच. कन्सॉलिडेटेडमध्ये असे घरातल्या घरातले सौदे वगळतात, म्हणून विक्री आणि नफा तिथे बघा. मात्र बापानं लेकाला दिलेलं कर्जही तिथून गायब होतं. ते बघायला स्टँडअलोनच उघडावा लागेल.