हवाईच्या राजकीय विचारांचा अभ्यास सुरू करताना

हवाईचा इतिहास केवळ इंग्रजी कागदपत्रांवरून वाचू नका, हा माझा पहिला आग्रह आहे. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेतील वृत्तपत्रांची सव्वा लाखाच्या आसपास पाने छापली गेली आणि तेथील लोकांचा सत्तेविषयीचा, भूमीविषयीचा विचार अग्रलेखांइतकाच वंशावळींत, शोकगीतांत आणि वाचकांच्या पत्रांत आहे; ती पाने निव्वळ साहित्य समजून ओलांडू नका. हवाईच्या अमेरिकेतील विलीनीकरणाविरुद्ध १८९७ साली एकवीस हजारांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या, तरी हवाईयन राजकीय विचारांच्या अभ्यासक नोएनोए सिल्वा यांनी १९९०च्या दशकात त्या अर्जांकडे लक्ष वेधेपर्यंत हवाईयन लोकांनी फारसा विरोध केलाच नाही, असा समज रूढ होता. एवढी मोठी गोष्ट झाकली गेली, याचे मला आजही दुःख होते.

जुन्या छपाईत दीर्घ स्वरांच्या खुणा सहसा आढळत नाहीत. त्या अंदाजाने भरू नका, संदर्भ पाहा आणि जाणत्या भाषकांना विचारा. व्याकरण पक्के झाले की स्थानिक हवाईयन लोकांनी १८६१ साली स्वतः काढलेल्या ‘का होकू ओ का पाकीपिका’ या वृत्तपत्रापासून वाचनाला आरंभ करा. सिद्धान्तांची पुस्तके त्यानंतर उघडा.