पुरावा नाही, पण देणं आहे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. चारही पत्रांत विचारलंय ‘योग्य काय?’ उत्तर देताना आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट आधी शोधली : या निर्णयाची किंमत कोणाच्या खिशातून जाणार आहे?

प्रश्न : वडील चार महिन्यांपूर्वी वारले. गंधमुक्तीनंतर शेजारच्या गावच्या एक काकू घरी आल्या. त्यांच्या मालकांनी पाच वर्षांपूर्वी वडिलांना केळीच्या लागणीसाठी ८०,००० रुपये हातउसने दिले होते, असं त्या म्हणाल्या. ते काकाही आता नाहीत. कागद नाही. भाऊ म्हणतो, पुरावा आणा. मी काय करावं? (चोपडा तालुका)

उत्तर : भाऊ कायद्याच्या आधाराने बोलतोय, म्हणून आधी कायदा बघू. हातउसन्या पैशांचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, एवढ्या कारणावरून पूर्वी कोर्ट मुलाकडून वसुली करू शकत होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी तो आधार काढून टाकला. वारस बांधील राहतो तो बापाकडून हाती आलेल्या मिळकतीपुरताच. म्हणजे काकू कोर्टात गेल्या तर बहुधा हरतील.

पण मुदत संपली की कोर्टाचं दार बंद होतं, देणं फिटत नाही. मुदत उलटलेलं देणं फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन करार कायदा आजही मानतो. म्हणूनच खातरजमा होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, आणि भावनेच्या भरात चारचौघांत ‘देतो’ असंही म्हणू नका.

खातरजमा करायला आठ-पंधरा दिवस पुरतात. काकूंकडे एकटे जा. ‘मृगबागेच्या लागणीवेळी दिले होते का?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडी दिलंत. मोकळं विचारा : कधी दिले, कुठे बसून दिले, तेव्हा तिथे कोण होतं, परत कधी करायचं ठरलं होतं? मग घरी येऊन वडिलांचं त्या वर्षीचं पासबुक, खतांची आणि रोपांची बिलं, केळीच्या कटतीच्या (घड कापून विकल्याच्या) पावत्या काढा. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या महिन्यांत रोपं आणि ठिबकवर खर्च झाला, पण खात्यातून तेवढी रक्कम निघालीच नाही आणि सोसायटीचं कर्जही त्या वर्षी नव्हतं, तर पैसा बाहेरून आला होता. आईला विचारायला विसरू नका. अशी देणी बहुतेक वेळा घरातल्या बाईला ठाऊक असतात, तिला कोणी विचारत नाही एवढंच.

खूण पटली तर देणं खरं धरा. शंभर टक्के खात्री अशा बाबतीत कधीच होत नाही. चूक झालीच तर तुमच्या वाट्याचे ४०,००० जातील. न देण्यात चूक झाली तर एका विधवेचे ८०,००० जातील. या दोन चुका सारख्या नाहीत.

हे देणं वाटणीच्या आधी, सामाईक उत्पन्नातून फिटलं तर सगळ्यात बरं. भाऊ नाहीच म्हणाला तर तुमच्या वाट्याचे ४०,००० तुम्ही द्या, आणि उरलेल्यांबद्दल काकूंना खरं काय ते सांगा. सगळी रक्कम एकट्याने भरून भावाला गावात खाली पाहायला लावणं, हा दुसऱ्याच कशाचा तरी हिशेब होतो. एकरकमी जमत नसेल तर हप्ते घड कापणीला बांधा, कारण हातात पैसा तेव्हाच येतो. रक्कम बँकेतूनच द्या. २०,००० आणि त्यावरची कर्जफेड रोखीने करायला आयकर कायद्याची मनाई आहे, शिवाय उद्या काकूंच्या मुलांना हिशेब लागेल. आणि बायकोला आधी सांगा. लपवून फेडलेलं देणं घरात नवीन भांडण लावतं.

प्रश्न : आमच्याकडे कापूस विकायच्या आदल्या रात्री फवारणी पंपाने पाणी मारतात. सगळेच मारतात म्हणून व्यापारी आधीच भाव पाडून धरतो. मग कोरडा कापूस नेणारा बुडतो. अशात प्रामाणिकपणा परवडतो का? (धरणगाव तालुका)

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, आणि तिच्यातच उत्तरही आहे. क्विंटलमागे चार टक्के जास्तीचा ओलावा म्हणजे चार किलो पाणी. २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये हमीभावाने त्याचे झाले ३०८ रुपये. हे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून जात नाहीत. तो सरसकट भाव उतरवतो आणि ज्याने पाणी मारलं नाही त्याच्याकडून ते वसूल होतात. म्हणजे फसवला जातो तो शेजारचाच शेतकरी.

ओला कापूस ढिगात तापतो, रुई पिवळी पडते, सरकी खराब होते. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की टक्क्यागणिक भाव कापतात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. कोरड्या कापसाची किंमत जिथे ओलावा मोजून ठरते तिथे तो न्या. सातबारावर कपाशीचा पेरा लागलेला आहे ना, हे हंगामाआधीच बघून ठेवा, नाहीतर ऐन वेळी केंद्रावरून परत यावं लागतं. वेचणी दव उडाल्यावर करा. एक-दोन दिवस ऊन द्या. प्लास्टिकच्या गोण्या टाळा, त्यांचे धागे रुईत जातात. पहिल्या वेचणीत फरदड (हंगामानंतर ठेवलेल्या झाडांचा कापूस) मिसळू नका. खाजगी व्यापाऱ्याकडे जायचंच असेल तर पाच-सहा जणांनी मिळून एक गाडी करा आणि ओलावा मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा. एकट्याला तो टाळेल, भरलेल्या गाडीला टाळणं अवघड जातं.

प्रश्न : सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. वडील म्हणतात, आता बस कर. पण विनोबा सांगायचे की स्वधर्म सोडू नये. संघर्षाशिवाय जगण्याला काय अर्थ? (शहादा)

उत्तर : विनोबांनी गीतेवरची प्रवचनं १९३२ साली आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात स्वधर्माबद्दल ते सांगतात की तो शोधत फिरावा लागत नाही. आईबाप, शेजारी, समाज हे जन्मासोबत मिळतात, तसाच तोही मिळतो. परीक्षा ही या सगळ्यांच्या सेवेची एक वाट आहे, ती म्हणजे स्वधर्म नव्हे.

कागदावर तीन गोष्टी लिहा. गेल्या दोन प्रयत्नांत गुण वाढले की तिथेच राहिले? महिन्याचा खर्च कोण करतं? आणि त्या पैशापायी घरातलं काय थांबलंय, बहिणीचं शिक्षण, आईचं औषध, विहिरीची मोटर? गुण वाढत असतील आणि घरातलं काही अडलेलं नसेल तर आणखी एक प्रयत्न करा, पण त्याची तारीख आजच वडिलांना सांगून टाका. गुण थांबलेत आणि बहीणही घरी बसली असेल, तर तुमच्या संघर्षाची किंमत ती मोजतेय. मग नोकरी धरा आणि पहाटेचे दोन तास अभ्यासाला ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या माघारी सहा एकर आहे. आई, दोन भाऊ आणि मी. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. नाही म्हटलं तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी कोण बोलावणार? (यावल तालुका)

उत्तर : ताई, आधी तुमचं काय आहे ते जाणून घ्या. मृत्युपत्र नसेल आणि आधी वाटणी झालेली नसेल तर जमीन वडिलोपार्जित असो की स्वकष्टाची, तुमच्या घरात चार सारखे वाटे पडतात. तुमचा वाटा दीड एकर. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं.

हक्क सोडण्यात काही चूक नाही. भाऊ अडचणीत असेल, आईला तोच सांभाळत असेल, तर आनंदाने सोडा. चूक आहे ती भीतीने सोडण्यात. सही केली नाही म्हणून तुटणारं माहेर सही करून टिकेल, असं आम्हाला वाटत नाही. पुढे दुसरं काही मागितलं जाईल, आणि तेव्हा तुमच्या हाती काही नसेल.

मधले मार्ग आहेत. सातबारावर नाव राहू द्या, शेती भाऊ करो आणि ठरलेलं धान्य किंवा रक्कम आईच्या खर्चाला लावा. किंवा शेतीतला वाटा सोडा, घरातला ठेवा. सोडायचंच ठरलं तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, घरात स्टॅम्पवर केलेली सही पुरत नाही. ते कोणाच्या लाभात आहे हे शब्दन् शब्द वाचा. त्यात आईचाही वाटा सुटतोय का, ते बघा. कोऱ्या कागदावर सही करू नका, दुखवट्याच्या महिन्यात तर मुळीच नाही.

आजच तलाठी कार्यालयात वारस नोंदीत तुमचं नाव आहे का, ते पाहून घ्या. फेरफाराची नोटीस निघाली असेल तर हरकत घ्यायला १५ दिवस असतात, आणि ती नोटीस बहुतेक वेळा माहेरच्या पत्त्यावर जाते.