घानाला जाताना: आधी विचारपूस, मग काम

अनेक आशीर्वाद.

तुझं घानाच्या राजधानीत, आक्राला जायचं नक्की झालं, फार आनंद वाटला. तू पाठवलेली सामानाची यादी पाहिली. औषधं, मसाले, कुकर, सगळं त्यात आहे. तिथल्या माणसांमध्ये वावरायचं कसं याबद्दल मात्र त्यात काही नाही, म्हणून हे लिहितोय.

घानात आधी विचारपूस होते, मग काम. दुकानात शिरल्याबरोबर ‘अमुक आहे का’ विचारणं, ऑफिसात येऊन कुणाकडे न बघता लॅपटॉप उघडणं, याला आपण घाई म्हणतो. तिथे तो सरळ उद्धटपणा ठरतो. जो येतो त्यानं आधी बोलायचं. ‘गुड मॉर्निंग’, मग तब्येत, मग घरचे कसे आहेत, एवढं झाल्यावर कामाचा विषय. बाजारात घासाघीस कर, पण तीही याच्यानंतर. चारजण बसलेले असतील तर उजवीकडच्या माणसापासून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत डावीकडे जा. मधल्या मोठ्या साहेबाला आधी गाठू नकोस.

हात अर्थातच उजवा. प्रसाद आपण डाव्या हातानं घेत नाही, तसं तिथे पैसे, फाइल, फोन, काहीही डाव्या हातानं देत-घेत नाहीत. त्या हातानं बोट दाखवणं किंवा हाक मारल्यासारखी खूण करणंही खटकतं. उजवा हात अडकलेला असेल तर लोक ‘सॉरी फॉर लेफ्ट’ म्हणतात, तूही म्हण. वयानं मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही. आंटी, अंकल, मॅडम चालतं.

आता थोडं कडू बोलतो. परदेशात आपली माणसं कोंडाळं करून राहतात, ड्रायव्हरसमोर, स्वयंपाकाच्या बाईसमोर आपल्या भाषेत त्यांच्याच रंगावरून बोलतात आणि समजतात की त्यांना कळत नाही. सूर कुठल्याही भाषेत कळतो. आक्राजवळच्या लेगोन इथल्या विद्यापीठात २०१६ साली भारतानं दिलेला गांधीजींचा पुतळा बसवला होता. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, त्यावरून तिथल्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला आणि २०१८ च्या डिसेंबरात पुतळा हलवला गेला. कुणी विषय काढला तर वाद घालू नकोस, ऐकून घे. आपल्या देशाबद्दल त्यांना आपुलकी नाही असं मुळीच नाही. आक्रात घानाच्याच स्वामी घनानंद सरस्वतींनी स्थापन केलेला हिंदू मठ आहे, आणि तिथे स्थानिक भक्त गणपती बसवतात. सप्टेंबरात घरची आठवण आली तर तिथे जाऊन ये.

जेवणाऱ्या माणसाजवळून गेलीस की तो म्हणेल, ‘यू आर इन्व्हायटेड.’ पोट भरलेलं असेल तर हसून आभार मानायचे, तेवढं पुरतं. फुफू, म्हणजे उकडून कुटलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) आणि कच्च्या केळ्याचा गोळा, रश्शात बुडवून गिळायचा असतो, चावायचा नाही. तू शाकाहारी आहेस म्हणून सांगतो: शितो नावाच्या काळ्या चटणीत सुकी मासळी असते, आणि भाजीच्या रश्श्यातही बऱ्याचदा मासे असतात. आधी विचारत जा. चवळी आणि तळलेल्या केळ्यांचं ‘रेड रेड’ तुला आवडेल.

सहकाऱ्याच्या घरी कुणी वारलं तर तुला अंत्यविधीचं बोलावणं येईल. हे टाळू नकोस. बहुतेक अंत्यविधी शनिवारी असतात आणि शेकडो माणसं जमतात. काळे किंवा लाल-काळे कपडे घालतात. माणूस पिकल्या वयात गेला असेल तर पांढराही चालतो, म्हणून कोणता रंग ते आधी विचारून घे. कुटुंबाला पैसे द्यायची रीत आहे, आणि देणाऱ्याचं नाव अनेकदा लाउडस्पीकरवरून सांगतात. त्यात संकोच वाटू देऊ नकोस. त्या शनिवारी तू तिथे होतीस हे ते घर विसरत नाही. तिथे जडलेली माझी बहुतेक नाती अशाच प्रसंगांतून जडली.

समुद्रकिनाऱ्यावरचे केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघशीलच. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला, गोवा घेण्याच्या २८ वर्षं आधी. गुलाम म्हणून विकायची माणसं या किल्ल्यांच्या अंधारकोठड्यांत कोंडून ठेवत. केप कोस्टला अशा कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. अमेरिकेतून आलेली कुटुंबं तिथे आपल्या पूर्वजांसाठी रडतात. तिथे सेल्फी काढू नकोस.

बाकीचं थोडक्यात. पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घे. ते कार्ड घानात उतरताना लागतं आणि भारतात परततानाही, नाहीतर इथे विलगीकरणात ठेवतात. मलेरियाबद्दल डॉक्टरांशी बोल. लष्करी छापाचे कपडे घेऊ नकोस, सामान्य नागरिकानं ते घालायला बंदी आहे. वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ. मे-जूनच्या सुमारास, आक्राच्या मूळ रहिवासी गा लोकांच्या होमोवो सणाआधी, आक्रात जवळजवळ महिनाभर ढोल आणि मोठा आवाज बंद असतो. ऑफिसची पार्टी तेव्हा ठरवू नका.

आणि तुझा जन्म कोणत्या वारी झाला ते आईला विचारून ठेव. अकान लोकांत, म्हणजे घानातल्या सगळ्यात मोठ्या समाजात, जन्मवारावरून नाव पडतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारचे, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. ओळख झाली की तुलाही वार विचारतील आणि त्या वाराचं नाव देतील. सोमवारची असशील तर अज्वोआ, शुक्रवारची तर आफुआ. त्या नावानं हाक मारली की ओ दे.

पोचलीस की कळव.