बाबांची रोजची परीक्षा

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून तोच प्रश्न तासाभरात तीन-चारदा विचारतात. परवा एकच बिल दोनदा भरलं. मी रोज सकाळी त्यांना वार, तारीख, नातवंडांची नावं विचारते, चुकलं की ते चिडतात. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणतात, ‘मला वेडा ठरवायचंय का?’ भाऊ दुसऱ्या गावी असतो, तो म्हणतो, वय झालं, दुसरं काय! आमच्या आजीलाही शेवटी काही आठवत नसे. मलाही हेच होणार का?
– काळजीत पडलेली मुलगी

उत्तर : ती सकाळची परीक्षा आधी बंद करा. रागावू नका, काळजीपोटीच करताय हे कळतं मला. पण वार विसरलेल्या माणसाला रोज वार विचारून तो लक्षात राहायला लागत नाही. आपण नापास होतोय एवढंच त्याला समजतं आणि मग तो बोलायचंच टाळतो. त्यापेक्षा मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर समोर टांगा आणि ‘आज गुरुवार, बँकेत जायचंय ना?’ असं सहज बोलून जा. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा उत्तर द्या. ‘आत्ताच सांगितलं ना’ हे तेवढं गिळा. अवघड आहे, माहीत आहे.

भावाचं म्हणणं निम्मं खरं. वयानुसार नाव पटकन ओठांवर येत नाही, थोड्या वेळाने येतं. पण आपण प्रश्न विचारला होता हेच न आठवणं आणि नेहमीचे व्यवहार चुकणं, हे वयावर ढकलता येत नाही. म्हणून तो डिमेन्शियाच (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं), असंही नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉईड मंदावणं, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यानेही असंच होतं आणि त्यावर उपचार आहेत. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्याही स्मरणशक्तीवर परिणाम करतात. तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, पण स्वतःहून एकही बंद करू नका.

कानही तपासून घ्या. मुळात नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात कमी ऐकू येणं हा मोठा धोका आहे.

बाबांना ‘स्मरणशक्ती तपासायला’ म्हणून नेऊ नका. रक्त, बीपी, कान यांची तपासणी करायचीच आहे, तेच सांगा. विसरण्याचे प्रसंग तारखेनिशी लिहून तो कागद डॉक्टरांना आधी पोचवा. बाबांसमोर पाढा वाचू नका.

तुमच्याबद्दल. आजीला उतारवयात झालं म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. थेट आईवडिलांकडून येणारा अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) दुर्मीळ, एक टक्क्याहून कमी, आणि तो बहुधा ६५ च्या आत दिसतो. जनुकांच्या मागे लागण्यापेक्षा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा, चालत राहा.

निदान काहीही निघो, बँकेची आणि मृत्युपत्राची कामं बाबांना नीट उमजतंय तोवर, त्यांना विचारूनच उरका. आणि भावाशी फोनवर वाद घालू नका. बाबा फोनवर पाच मिनिटं अगदी छान बोलत असणार. त्याला आठवडाभर राहायला बोलवा, आणि त्या आठवड्यात तुम्ही जरा बाहेर पडा.