खांदा कुठं घासला होता?

"सर, झोप लागत नाही. आणि नोकरी बदलायची आहे."

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांपासून थोड्या अंतरावर माझी समुपदेशनाची खोली आहे. तिथं येतात ती बहुतेक बारावीची पोरं, त्यांचे धास्तावलेले बाप, नाहीतर लग्नाची बोलणी फिसकटलेले तरुण. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं काढलेला माणूस पोळ्याच्या चार दिवस आधी समोर येऊन बसला, तेव्हा मला वाटलं, कामाचा ताण असेल. (हे त्याच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अर्धा तास त्यानं नव्या मॅनेजरच्या तक्रारी सांगितल्या. नवा माणूस काही वाईट नव्हता, हे ऐकता ऐकताच कळत होतं. मी विचारलं, "आधीचा कसा होता?"

"कसा नाही जी. मॅडम होत्या." आणि तो गप्प बसला.

मॅडमनी दोन महिन्यांपूर्वी कंपनी सोडली. निरोपाची मीटिंग ऑनलाइन झाली, एकेक जण बोलला. याची पाळी आल्यावर यानं कॅमेरा बंद केला, 'नेटवर्क गेलं' असं चॅटवर लिहिलं आणि बाहेर पडला. नेटवर्क गेल्याचा निरोप नेटवर्कवरूनच गेला, हे त्याच्या रात्री लक्षात आलं. तेव्हापासून झोप उडाली.

"बोललो असतो तं लोक म्हणले असते, मस्का मारते. आणि खरं सांगू? रडलो असतो."

आयटीतल्या गावाकडच्या मुलांकडून ही काळजी मी बरेचदा ऐकतो. चांगलं वागणाऱ्या वरिष्ठाला ते सांगावं कसं? सांगितलं तर चमचेगिरी वाटते, नाही सांगितलं तर मन खातं. यात निव्वळ लाजाळूपणा आहे असं मला वाटत नाही. आमच्याकडे घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. शेजाऱ्यानं फवारणीचा पंप दिला, की आपण त्याच्या सोयाबीनच्या मळणीला उभे राहतो. तोंडानं बोलायची गरजच पडत नाही, हिशेब हातानं फिटतो. पुण्यातल्या मॅडमच्या मळणीला कुठं जाणार? मग न फिटलेला हिशेब उपकार होऊन बसतो, आणि उपकारानं माणूस मिंधा होतो. मिंधा माणूस चिडतोही. "त्यायले त्याचाच पगार भेटत होता ना," असं तो मध्येच फटकन म्हणाला, ते या चिडीतूनच.

पगार मिळत होता हे खरंच आहे. पण मॅनेजर म्हणजे मीटिंगा लावणारा माणूस, ही समजूतही पूर्ण खरी नाही. गूगलनं 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून टाकून पाहिले होते. प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. पुढं त्याच कंपनीनं आपल्याच माणसांची माहिती चाळून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या. त्यात पहिली होती चांगलं शिकवता येणं, आणि तांत्रिक ज्ञान शेवटी होतं. हे ऐकून तो हसला. "मॅडमले जावा येत होती, पण माझ्याएवढी नाही." (जावा म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा.)

मी त्याला एक पत्र लिहून आणायला सांगितलं. पाठवायचं की नाही ते नंतर ठरवू.

दुसऱ्या दिवशी आणलेलं पत्र वाचून मला तलाठ्याकडं दिलेल्या अर्जाची आठवण झाली. 'आदरणीय मॅडम, आपल्या कृपाशीर्वादाने व अमूल्य मार्गदर्शनाने मी आज या पदावर पोहोचलो…' ओळीओळीत हात जोडलेले. मी म्हटलं, यातलं मॅडमचं नाव काढून आमदाराचं घातलं तरी चालेल. तो ओशाळला. मलाही वाटलं, जरा जास्तच बोललो.

मग पोळा आला. आदल्या दिवशी त्याच्या घरी खांदशेकणी होती. ट्रॅक्टर आला तरी त्याच्या बापानं एक जोडी ठेवली आहे. पळसाची पानं, हळद, तूप, आणि बैलांच्या कानात 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या'. लहानपणापासून पाहिलेलं. पण यंदा यानं बापाला विचारलं, खांद्यालेच काऊन लावतात? बाप म्हणाला, "मंग जू कुठं घासते? शिंगाले?"

पोळ्यानंतर तो आला, तो हे वाक्य घेऊनच. "सर, पत्रात शिंगं रंगवून ठेवली होती मी."

(मॅडमला बैलाची उपमा दिली हे पत्रात लिहू नकोस, असं मी त्याला बजावून ठेवलं.)

मग आम्ही खांदा शोधायला बसलो. जू नेमकं कुठं घासलं होतं? तीन प्रसंग निघाले. पहिला, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातला. रात्री अकराला त्यानं चालू डेटाबेसवर एक अपडेट क्वेरी (साठवलेली माहिती बदलायची आज्ञा) चालवली आणि कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, म्हणजे 'वेअर', लिहायची राहिली. क्षणात सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला. त्यानं घाबरून मॅडमना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "शेवटचा बॅकअप कधीचा आहे?" 'कुणी केलं' हा प्रश्न त्या रात्री आलाच नाही. पहाटे चारपर्यंत त्या कॉलवर होत्या. सकाळी क्लायंटसमोर त्या म्हणाल्या, "आमच्या टीमकडून चूक झाली." दुपारी मात्र याला बसवून, काय झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे लिहून घेतलं. आजही तो आधी सिलेक्ट, म्हणजे नुसती माहिती दाखवणारी आज्ञा, चालवून किती ओळी येतात ते मोजतो, मगच ट्रान्झॅक्शन उघडून, म्हणजे चुकलं तर बदल मागे घेता येईल अशी सोय करून, अपडेट करतो.

दुसरा, स्टँडअपचा, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगचा. इंग्रजीच्या धाकानं हा बोलायचाच नाही. मॅडमनी त्याला आदल्या रात्री तीन ओळी लिहून ठेवायला सांगितलं: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. अडलेलं मराठीत सांगितलंस तरी चालेल, म्हणाल्या. तिसरा, कोड रिव्ह्यूचा, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं तपासण्याचा. एकदा त्याच्या कोडवर मॅडमचे सदतीस शेरे आले. तो दोन दिवस जेवला नाही. बहुतेक शेरे एकाच शब्दाचे होते: 'का?'

बरं, मॅडम काही देवी नव्हत्या. एका वर्षी बढती दुसऱ्याला दिली आणि कारण धड सांगितलं नाही. ती सल त्याच्या मनात होती. हे विसरायचं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, विसरू नकोस. पत्रात घालूही नकोस. चांगल्या मॅनेजरला चांगलं म्हणण्यासाठी त्याला निर्दोष ठरवावं लागत नाही.

मस्क्याच्या शंकेबद्दल मी त्याला साधं सांगितलं. अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या महिन्यात, आपलीच मार्कं ज्यांच्या हातात आहेत त्यांना असं पत्र देऊ नये. तिथं शंका रास्तच असते. पण मॅडम आता याच्या वरिष्ठ नव्हत्या. पत्रात मागणी नको, 'तुमच्याकडे जागा असेल तर' नको, नव्या मॅनेजरची चहाडी तर नकोच. काय घडलं, तुम्ही काय केलं, त्यामुळं मी आज काय करतो, एवढंच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांचा 2018 चा एक अभ्यासही मी सांगितला: आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणारा अवघडेल, प्रत्यक्षात वाचणारा तेवढा अवघडत नाही आणि लिहिणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त खूश होतो. अभ्यासाचा त्याच्यावर फारसा परिणाम झाला नाही. बापाच्या वाक्याचा झाला होता.

पत्र एका पानात बसलं. माझ्याच खोलीतून, मोबाइलवरून, त्यानं ते मेल केलं आणि फोन उलटा करून ठेवला.

आठ दिवस उत्तर नाही. त्याचा मला रोज फोन. "सर, चुकलंच वाटते." उत्तर आलंच पाहिजे या अटीवर पत्र पाठवलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नाही जी, पण तरी."

नवव्या दिवशी तो स्वतःच आला. नोकरी बदलायची गोष्ट त्यानं काढली नाही, मीही काढली नाही. त्यानं मोबाइल पुढं केला. मॅडमनी चारच ओळी लिहिल्या होत्या. पत्र दोनदा वाचलं, घरी आईलाही वाचून दाखवलं. सदतीस शेरे जरा जास्तच झाले होते. आणि शेवटी: 'एक दुरुस्ती. त्या रात्री बॅकअप मी नाही शोधला. डेटाबेस टीममधला एक मुलगा लग्नाच्या मांडवातून लॉगिन झाला होता. तुला कुणी सांगितलंच नसेल. त्याचा नंबर खाली देते.'

त्यानं मोबाइल खिशात ठेवला, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "हे तं वाढतच चाललं."