रुग्णाभ्यंग की अंत्यसंस्कार?

सोलापूरहून एका वाचकाने विचारले आहे: शेजारच्या कॅथलिक आजी रुग्णालयात असताना फादरांनी येऊन त्यांना तेल लावले. इंग्रजीत याला ‘लास्ट राइट्स’ म्हणतात, म्हणून मी ‘आजींवर अंत्यसंस्कार झाले’ असे लिहिले, तर घरचे भडकले. ‘तैलाभिषेक’ म्हणू का?

भडकणारच! मराठीत अंत्यसंस्कार माणूस गेल्यावर होतात. आजी तर जेवताहेत.

पण नुसता शब्दच चुकलाय असे नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) आजाऱ्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एवढेच आहे. मरणाचे नाव नाही. पहिल्या इनोसंट पोपच्या 416 सालच्या पत्रावरून दिसते की बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल तेव्हा साधे श्रद्धावंतही लावत. पुढे मध्ययुगात हा संस्कार अखेरच्या पापक्षमेला जोडला गेला, लांबत लांबत मरणशय्येपाशी पोचला आणि बाराव्या शतकात त्याच्या लॅटिन नावात ‘अंतिम’ आले. मग काय, फादर तेलाची डबी घेऊन दारात दिसले की घरात रडारड. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1551 मध्येही तो फक्त मरणासन्नांचा म्हटला नव्हता, पण रूढी ऐकते थोडीच!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हेच नाव अधिक योग्य ठरवले. 1972 मध्ये सहाव्या पॉल पोपनी विधी सुटसुटीत केला: पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय, आता कपाळ आणि हात. ऑलिव्ह तेल मिळाले नाही तर दुसरे वनस्पतीतेल चालते. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, थकलेले वार्धक्य, यांपैकी काहीही निमित्त पुरते. बरे होऊन माणूस पुन्हा आजारी पडला तर पुन्हा घेता येतो. मरणाऱ्याचा खरा अखेरचा संस्कार म्हणजे कम्युनियन, प्रभुभोजनाची पवित्र भाकर. त्याचे लॅटिन नाव फार सुंदर आहे: वाटेची शिदोरी.

राहिला ‘तैलाभिषेक’. सोलापुरात तो शब्द सिद्धेश्वरांच्या 68 लिंगांचा. गड्ड्याच्या यात्रेतले यण्णीमज्जन, म्हणजे त्या लिंगांचे तैलस्नान, डोळ्यांपुढे येईल. शिवाय अभिषेकाला धार लागते, इथे बोटभर तेल. माझी पसंती ‘रुग्णाभ्यंग’ला: ‘आजींना रुग्णाभ्यंग दिला’. ऐकून कुणाला दिवाळीचे उटणे आठवले तर आठवू द्या. फक्त सरसकट ‘ख्रिस्ती संस्कार’ लिहू नका. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रॉटेस्टंटही आहेत, आणि ते याला संस्कारांत धरत नाहीत.